कोर्टात झाडलेल्या आठ गोळ्या : एका आईच्या सूडाचं प्रकरण

हे प्रकरण तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतलं, ल्यूबेक या उत्तरेकडच्या जुन्या बंदराच्या गावातलं. काळ १९८० ते १९८३. तिकडे ते इतकं गाजलं की सगळ्यांची नावं जगजाहीर आहेत, तरी इथे ती मुद्दाम घेतलेली नाहीत. आई, मुलगी आणि आरोपी एवढ्यावर भागतं. ज्यानं मुलीला मारलं त्याला शेवटपर्यंत ‘आरोपी’च म्हणावं लागतं, कारण या गुन्ह्यात त्याला दोषी ठरवणारा निकाल कधी लागलाच नाही. तो का लागला नाही, यासाठीच हे प्रकरण पुन्हा वाचावं असं मला वाटतं.

पार्श्वभूमी

आई तेव्हा २९ वर्षांची होती आणि गावातल्या एका पबमध्ये काम करत होती. महायुद्धानंतर पूर्व प्रशियातून परागंदा झालेल्या कुटुंबात ती जन्मली. बाप दारू प्यायचा, पुढे आईनं दुसरं लग्न केलं, तो सावत्र बाप कडक. सोळाव्या वर्षी तिला पहिल्यांदा दिवस गेले, अठराव्या वर्षी दुसऱ्यांदा. ती दोन्ही मुलं तिनं दत्तक दिली. नोव्हेंबर १९७२ मध्ये तिसरी मुलगी झाली. ही मात्र तिनं स्वतःजवळ ठेवली आणि एकटीनं वाढवली.

५ मे १९८०, सोमवार. सात वर्षांच्या या मुलीचं सकाळी आईशी काहीतरी वाजलं आणि ती शाळेत गेली नाही. मैत्रिणीकडे जायचं म्हणून निघाली. ३५ वर्षांच्या एका माणसानं, धंद्यानं खाटीक, तिला आपल्या घरी नेलं, काही तास डांबून ठेवलं आणि गळा आवळून मारलं. मृतदेह खोक्यात घालून त्यानं कालव्याच्या काठी नेला. त्याच दिवशी त्याच्या होणाऱ्या बायकोनं पोलिसांना खबर दिली आणि तो पकडला गेला. मारल्याचं त्यानं कबूल केलं, अत्याचार केल्याचं नाकारलं.

दोन लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचारासाठी या माणसाला आधी शिक्षा झालेली होती. १९७६ मध्ये, कैदेत असताना, त्यानं स्वतःच्या संमतीनं खच्चीकरणाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. जर्मनीत १९६९ पासून अशा स्वेच्छेच्या शस्त्रक्रियेसाठी कायदा आहे. सुमारे दोन वर्षांनी, आता स्त्रीबरोबर संसार थाटायचा आहे, म्हणून त्यानं डॉक्टरकडून हार्मोनचे उपचार सुरू केले. म्हणजे एका हातानं जो धोका कमी केल्याचं समाधान व्यवस्थेनं मानलं होतं, तो दुसऱ्या हातानं परत आणला गेला.

या प्रकरणातला पहिला निर्णय इथे झाला, आणि तो आईच्या हातात नव्हता. गोळ्यांची चर्चा करताना लोक ५ मेपासून सुरुवात करतात. मला वाटतं, ती त्या उपचारांच्या पहिल्या दिवसापासून करायला हवी.

पेच

मुलगी गेल्यावर आईपुढे नेमका प्रश्न काय होता? त्याला फाशी होणार नाही, हे उघड होतं. पश्चिम जर्मनीनं १९४९ च्या राज्यघटनेतच मृत्युदंड रद्द केला होता. जास्तीत जास्त जन्मठेप. आणि १९७७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं सांगितलं होतं की जन्मठेपेच्या कैद्यालाही कधीतरी बाहेर पडण्याची खरी आशा असली पाहिजे. एकदा शिक्षा भोगून सुटलेल्या माणसानं पुन्हा हेच केलं, आणि तो पुन्हा कधीतरी सुटू शकेल. हा विचार कुठल्याही आईला झोपू देणार नाही.

पण शिक्षा किती होईल यापेक्षा तिला जास्त जाळत होतं ते दुसरंच. आरोपीचं म्हणणं असं, की मुलीनंच त्याच्याकडे पैसे मागितले. एक मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) दे, नाहीतर तू मला हात लावलास असं आईला सांगेन, अशी धमकी तिनं दिली. पुन्हा तुरुंगात जावं लागेल या भीतीनं त्यानं तिला मारलं. सात वर्षांच्या मुलीवर हा आरोप. ती मुलगी उठून ‘हे खोटं आहे’ म्हणू शकत नव्हती. त्या खोलीत काय झालं हे जाणणारा जिवंत माणूस एकच होता, आणि बोलत तोच होता.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात वावगं काही नव्हतं. जर्मनीत आरोपी शपथेवर बोलत नाही आणि स्वतःच्या बचावासाठी खोटं बोलला म्हणून त्याला वेगळी शिक्षा होत नाही. आपल्याकडेही आरोपीचा जबाब शपथेशिवायच नोंदवतात. ही सोय रास्त आहे, ती नसेल तर निर्दोष माणूसही अडकेल. मात्र बाकावर बसून ऐकणाऱ्या आईला ही सोय अशी दिसते, की माझ्या लेकराला मारलं आणि वर तिचीच बदनामी करायची मुभाही यालाच.

समोर काय काय होतं

तिच्यापुढचे मार्ग मोजायला बसलं तर ते वाटतात तितके थोडे नव्हते. सगळे अपुरे मात्र होते.

एक म्हणजे खटल्यात नुसतं बसण्याऐवजी उतरणं. जर्मन फौजदारी कायद्यात खून झालेल्याच्या आईबापांना सहफिर्यादी होता येतं. सरकारी वकिलाच्या जोडीनं स्वतःचा वकील उभा करायचा, प्रश्न विचारायचे, पुरावा मागायचा. धमकीच्या त्या गोष्टीला कोर्टातच सुरुंग लावायची जागा हीच होती. सात वर्षांचं मूल अशी धमकी देईल का, हे बालमानसशास्त्राच्या तज्ज्ञाला विचारता आलं असतं. आरोपीचा आधीचा गुन्हा, तेव्हाचे त्याचे जबाब, सगळं मांडता आलं असतं. पण हा मार्ग धीर मागतो, आणि आणखी एक गोष्ट मागतो. मुलीच्या मृत्यूचे तपशील पुन्हा पुन्हा, परक्यांच्या तोंडून ऐकावे लागतात.

दुसरा मार्ग व्यवस्थेलाच जाब विचारण्याचा. उपचारांना कोणी हरकत का घेतली नाही? सुटलेल्या माणसावर लक्ष कोणाचं होतं? हा लढा आरोपीविरुद्ध नाही, म्हणून त्यात सूडाची भूक भागत नाही. पुढच्या मुलीला वाचवण्याची शक्यता सगळ्यात जास्त मात्र याच मार्गात होती.

आधाराची सोय अगदीच नव्हती असंही नाही. गुन्ह्यातल्या पीडितांना मदत करणारी ‘वायसर रिंग’ ही संस्था १९७६ मध्ये माइन्झला सुरू झाली होती आणि नुकसानभरपाईचा कायदाही त्याच वर्षीचा. पण संस्था असणं वेगळं आणि कोर्टाच्या मधल्या सुट्टीत कोणीतरी शेजारी येऊन बसणं वेगळं.

कोर्टात न जाण्याचाही मार्ग होता. घरी राहायचं, वकिलाकडून निकाल कळवून घ्यायचा. लोक याला पळपुटेपणा म्हणतात. मी म्हणणार नाही. काही आईबापांसाठी तोच एकमेव मार्ग असतो.

आणि मग तिनं निवडलेला मार्ग.

काय केलं

६ मार्च १९८१, शुक्रवार. खटल्याचा तिसरा दिवस. सकाळी दहाच्या सुमारास आई कोर्टाच्या दालनात आली. अंगात कोट, कोटात बेरेटा बनावटीचं लहान पिस्तूल. दारात झडती नव्हती. आरोपी पाठमोरा होता. तिनं त्याच्या पाठीवर आठ गोळ्या झाडल्या, बहुतेक सगळ्या लागल्या आणि तो जागीच मेला. मग तिनं हात खाली घेतला. अटक करताना काहीही विरोध केला नाही.

क्षणिक संताप की ठरवून केलेलं काम, यावर पुढे दोन वर्षं वाद चालला. तिनं स्वतः सांगितलं, की ते सगळं स्वप्नात असल्यासारखं घडलं आणि दालनात तिला मुलगी दिसली. दुसरीकडे, पबच्या तळघरात ती नेमबाजीचा सराव करताना दिसल्याचं तिच्या ओळखीतून नंतर सांगितलं गेलं. शिवाय पिस्तूल कोटात आपोआप येत नाही. हस्ताक्षराचा नमुना म्हणून तिला काही लिहायला सांगितलं, तेव्हा तिनं मुलीचं नाव घेऊन ‘हे मी तुझ्यासाठी केलं’ असं लिहिलं आणि भोवती सात बदाम काढले. मुलगी सात वर्षांची होती.

झडतीबद्दल थोडं विषयांतर. आपल्या वाचकाला इथे नागपूर आठवल्याशिवाय राहणार नाही. १३ ऑगस्ट २००४ ला तिथल्या न्यायालयाच्या आवारात कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावानं, वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या गुंडाला पोलिसांच्या ताब्यात असतानाच ठार केलं. दोन्ही ठिकाणची कारणं निराळी आहेत. ल्यूबेकमध्ये एकटी आई होती, नागपुरात अख्खी वस्ती. पण दोन्हीकडे व्यवस्थेनं गृहीत धरलं होतं, की धोका असेल तर तो आरोपीकडूनच असेल. बाकावर बसलेल्यांच्या मनात काय शिजतंय, हे पाहणं कोणाचं कामच नव्हतं.

निकाल

आधी तिच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. जर्मन कायद्यात ‘खून’ ठरला की शिक्षा ठरलेलीच, जन्मठेप. बेसावध माणसाला गाठून मारणं हे खुनाचं एक लक्षण मानलं जातं आणि इथे तर गोळ्या पाठीवर झाडलेल्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये खटला सुरू झाला. पुढे सरकारी पक्षानं खुनाचा आरोप मागे घेतला. २८ दिवसांच्या सुनावणीनंतर २ मार्च १९८३ ला तिला सदोष मनुष्यवध आणि विनापरवाना शस्त्र बाळगणं यासाठी ६ वर्षांची शिक्षा झाली. त्यातली जवळपास निम्मी भोगून ती सुटली.

ही तडजोड होती का? मला वाटतं, होती, आणि शहाणपणाची होती. जन्मठेप दिली असती तर मुलीला मारणारा आणि त्याला मारणारी एकाच मापात बसले असते. निर्दोष सोडलं असतं तर कोर्टाच्या दालनात बंदूक चालवणं आईबापांपुरतं माफ आहे, असा अर्थ निघाला असता. लोकांना काय वाटलं? आलेन्सबाख या संस्थेनं केलेल्या पाहणीत २८ टक्के लोकांना शिक्षा योग्य वाटली, २७ टक्क्यांना जास्त आणि २५ टक्क्यांना कमी. इतका समसमान तुटलेला कौल क्वचितच दिसतो.

लोकमत तिथवर पोहोचण्याआधी एक घटना घडली होती. कोठडीत असताना आईनं आपली जीवनकहाणी एका मोठ्या साप्ताहिकाला विकली. वकिलांच्या खर्चाला पैसे हवे होते. साप्ताहिकानं कहाणी छापली, आणि तिच्यात दत्तक दिलेली दोन मुलं आली, पबमधलं आयुष्य आलं. सुरुवातीला जिला ‘सूड घेणारी आई’ म्हणून डोक्यावर घेतलं होतं, तिच्या आईपणाचीच चिकित्सा सुरू झाली. पोटची मुलं देऊन टाकणारी ही कसली आई, असे सवाल उठले. जणू दोन मुलं दत्तक दिली म्हणजे तिसरीच्या दुःखावरचा हक्क गेला.

आता मूळ मुद्दा. आरोपी मेला, तसा त्याच्यावरचा खटलाही तिथेच संपला. मेलेल्या माणसावर निकाल देता येत नाही, हा नियम तिकडेही आहे आणि इकडेही. त्यामुळे त्या सोमवारी खोलीत काय झालं, धमकीची गोष्ट खरी की खोटी, हार्मोनच्या उपचारांचा त्यात वाटा किती, यातल्या कशावरच न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं नाही. ज्या खोट्याचं तोंड बंद करायचं होतं, ते तोंड बंद झालं, पण ते खोटं होतं असं लिहिलेला सरकारी कागद कुठेही नाही. त्यानंतरचे २८ दिवस कोर्ट बोललं ते आईबद्दल. मुलगी आईच्या खटल्यातला एक संदर्भ होऊन राहिली.

त्यानंतर

सुटल्यावर तिनं एका शिक्षकाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर नायजेरियाला गेली. ते लग्न मोडलं. मग ती सिसिलीत राहिली आणि मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहात काम करू लागली. तिच्या निवडींमधली ही निवड मला सगळ्यात जास्त विचारात पाडते, पण तिचा अर्थ लावण्याचा मोह मी टाळतो. १९८४ मध्येच या प्रकरणावर दोन चित्रपट येऊन गेले होते.

१९९५ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत तिनं कबूल केलं, की विचार करूनच तिनं गोळ्या झाडल्या होत्या. त्याला शिक्षा द्यायची होती आणि मुलीबद्दल त्यानं आणखी खोटं बोलू नये, असं वाटत होतं. स्वप्नाची गोष्ट मागे पडली. पुढच्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९६ ला, कर्करोगानं ल्यूबेकमध्ये ती वारली. वय ४६. मुलीच्याच कबरीत तिला पुरलं.

वेगळं काय करता आलं असतं

इथे ‘आईनं असं करायला नको होतं’ एवढं लिहून थांबणं सोपं आहे. ते खरंही आहे. मी वकील असतो आणि असं कोणी समोर बसलं असतं, तर तेच सांगितलं असतं. पण ज्याचं मूल मारलं गेलंय त्याला ‘कायदा हातात घेऊ नका’ हे वाक्य ऐकू येत नाही. ऐकू येऊ शकतं ते वेगळं. तुम्हाला त्याचं मरण हवंय की मुलीचं नाव स्वच्छ व्हायला हवंय, आणि दोन्ही हवं असेल तर आधी काय? ल्यूबेकच्या आईला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच हवी होती, हे तिच्या स्वतःच्या कबुलीवरून दिसतं. पहिली मिळवताना दुसरीची वाट बंद होते, हे ६ मार्चच्या आधी कोणीतरी तिला स्पष्ट सांगायला हवं होतं. नीतीचा उपदेश म्हणून नको, कामकाजाची माहिती म्हणून. आरोपी मेला तर खटला संपेल, निकाल लागणार नाही, त्याची गोष्ट खोडली जाणार नाही. आरोपीच्या जबाबाच्या दिवसाआधी सरकारी वकिलाच्या कार्यालयातल्या कोणीही हे पाच मिनिटांत सांगितलं असतं.

दुसरा मुद्दा त्या जबाबाच्या दिवसाचाच. आरोपी पीडितावर दोष टाकणार, हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं, कारण पोलिसांपुढच्या जबाबात ते आलेलं असतं. ज्या दिवशी ते कोर्टात येणार त्या दिवशी आईबापांना आधी कल्पना द्यायची, हवं तर बाहेर बसवायचं, आत असतील तर शेजारी कोणीतरी ठेवायचं. याला कायदा बदलावा लागत नाही. जर्मनीनं पुढे १९८६ मध्ये पीडितांच्या संरक्षणाचा कायदा करून खटल्यातली त्यांची जागा मजबूत केली. तो या एका प्रकरणामुळे झाला असं म्हणणं धाडसाचं ठरेल, पण ज्या उणिवा तो भरू पाहत होता त्या इथे उघड्या पडल्या होत्या.

आपल्याकडची स्थिती तेव्हापेक्षा बरी आहे, हे नोंदवायला हवं. २००९ च्या दुरुस्तीनं ‘पीडित’ या शब्दाला तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (२०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं घेतली) जागा मिळाली, आणि त्यात आईबाप येतात. न्यायालयाच्या परवानगीनं सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. आरोपी सुटला किंवा हलक्या कलमाखाली दोषी ठरला, तर अपिलात जाता येतं. २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जामिनाच्या वेळीही पीडित पक्षाचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं सांगितलं. यातलं किती तालुक्याच्या कोर्टापर्यंत पोहोचतं, हा वेगळा विषय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मिळू शकतो, हे अनेक आईबापांना निकाल लागून गेल्यावर कळतं.

तिसरा मुद्दा साप्ताहिकाचा. पैशाची गरज खरी होती, आणि तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण कहाणी विकली की ती सांगण्याचा अधिकारही जातो. काय छापायचं, कुठला फोटो लावायचा, कुठली ओळ मोठ्या अक्षरात घ्यायची, हे तिच्या हातात राहिलं नाही. आज साप्ताहिकाची जागा मोबाइलच्या कॅमेऱ्यानं घेतली आहे आणि पैसेही मिळत नाहीत. दारात माइक आला की बाप ‘मी त्याला सोडणार नाही’ म्हणतो. पुढे काही विपरीत घडलं तर तीच चित्रफीत पूर्वतयारीचा पुरावा म्हणून त्याच्याविरुद्ध उभी राहते. कुटुंबातल्या एकाच, जरा लांबच्या माणसानं बोलायचं आणि आईबापांनी पहिले काही आठवडे अजिबात बोलायचं नाही, एवढं ठरवलं तरी पुष्कळ टळतं. हे काम बहुधा काका किंवा मामावर येतं, आणि तो ते मनापासून करतो असा माझा अनुभव आहे.

राहता राहिला तो पहिला निर्णय, हार्मोनच्या उपचारांचा. शस्त्रक्रियेचा कागद एका ठिकाणी, उपचारांचा कागद दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही एका टेबलावर ठेवून पाहायची सक्ती कोणावरच नाही. त्यासाठी कोणी तुरुंगात गेलं नाही. त्यावर निकाल देऊ शकला असता तो खटला तिसऱ्या दिवशीच संपला होता.